नकाराचे कारण विचारण्याचा हक्क

गडचिरोलीत नोकरी म्हटले की आजवर डोळ्यांसमोर सरकारच यायचे. वनरक्षक, शिक्षक, पोलीस शिपाई, तलाठी, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका, अशी मोजकीच कामे महिन्याच्या पगाराची खात्री देत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात मोठा उद्योग नावालाच होता. आता ते चित्र झपाट्याने पालटते आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज बाहेर पडू लागले, २०२३ मध्ये तिथल्या खाणीची मंजूर क्षमता वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर गेली, चामोर्शी तालुक्यात कोनसरीला पोलादाचा प्रकल्प उभा राहिला आणि सगळा जिल्हाच ‘स्टील हब’ करण्याची भाषा सरकार करू लागले. शेजारच्या चंद्रपूरने हे स्थित्यंतर आधीच पाहिले आहे. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी, बल्लारपूरचा कागद कारखाना, दुर्गापूरचे औष्णिक वीज केंद्र, घुग्घुस, आवारपूर, उपरवाही आणि गडचांदूरचे सिमेंट कारखाने यांनी त्या जिल्ह्याचा रोजगारच बदलून टाकला. म्हणजे इथल्या पुढच्या पिढीला नोकरी देणारा बहुतेक वेळा सरकारी अधिकारी नसेल. तो कंपनीचा मनुष्यबळ अधिकारी असेल, किंवा कंपनीच्या फाटकावर माणसे पुरवणारा ठेकेदार असेल. अशा वेळी एक साधा प्रश्न विचारायला हवा. एखाद्या माडिया, गोंड किंवा कोलाम उमेदवाराला तो आदिवासी आहे एवढ्याच कारणाने खासगी नोकरी नाकारली गेली, तर त्याने दाद कुठे मागायची? आणि दाद मागितली म्हणून त्याला पुढच्या प्रत्येक भरतीत बाजूला काढले गेले, तर? आजच्या कायद्यात या दोन्ही प्रश्नांना धड उत्तर नाही. ते उत्तर तयार करणे महाराष्ट्राच्या विधिमंडळाच्या हातात आहे आणि त्याची वेळ आत्ताची आहे, असे माझे ठाम मत आहे.

राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान किंवा निवासस्थान यांवरून नोकरीत भेदभाव करायला मनाई केली आहे. पण ती मनाई राज्याच्या अखत्यारीतल्या नोकरीपुरती आहे. पंधराव्या अनुच्छेदाचे दुसरे कलम खासगी व्यवहारात शिरते खरे, तरी ते दुकाने, उपाहारगृहे, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तलाव, रस्ते यांच्या वापराबद्दल बोलते. आदिवासी गिऱ्हाईकाला दुकानदार दारातून परत पाठवू शकत नाही. त्याच दुकानदाराने आदिवासी तरुणाला नोकरीला ठेवायचे नाही असे मनाशी ठरवले, तर त्याला हटकणारी तरतूद मात्र घटनेत शोधून सापडत नाही. खासगी भरतीत कायद्याने डोकावूच नये, असे आपल्या देशाचे धोरण आहे असेही नाही. १९७६ च्या समान वेतन कायद्याने कामावर घेताना स्त्रियांशी भेदभाव करायला बंदी घातली आणि तीच तरतूद पुढे २०१९ च्या वेतन संहितेत आली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने खासगी आस्थापनांनाही समान संधीचे धोरण जाहीर करायला लावले. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने आणि २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने नोकरी नाकारण्यातला भेदभाव खासगी मालकालाही निषिद्ध केला. हे सगळे योग्यच झाले. पण ही यादी वाचत गेले की तिच्यातली उणीव ठळकपणे दिसते. ज्या दोन कारणांनी या देशात सर्वांत जास्त माणसे दारातूनच परत पाठवली गेली, ती जात आणि जमात यांना खासगी भरतीतल्या भेदभावाविरुद्ध असा सरळ, दिवाणी स्वरूपाचा हक्क मिळालेला नाही.

यावर पहिली शंका अशी येते की, असा भेदभाव खरोखर होतो याला पुरावा काय? अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांचा एक अभ्यास २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. त्यांनी खासगी कंपन्यांच्या वृत्तपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखीच होती, फरक होता तो नावात. उच्चवर्णीय वाटणाऱ्या नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाची एक तृतीयांश. या अभ्यासात आदिवासी नावे नव्हती, तेव्हा त्याचे निष्कर्ष जसेच्या तसे गडचिरोलीला लावणे बरोबर ठरणार नाही. शिवाय दिल्ली परिसरातला २००९ चा दुसरा एक प्रयोग वेगळे काही सांगतो. अभिजित बॅनर्जी, मरियान बर्ट्रांड, सौगतो दत्ता आणि सेंधिल मुल्लाइनाथन यांना सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत असा फरक आढळला नाही, कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत मात्र काही मागास गटांच्या बाबतीत आढळला. हे दोन निष्कर्ष एकमेकांना छेद देतात असे वरवर वाटते, पण मला त्यांचा अर्थ एकाच दिशेने जाताना दिसतो. कौशल्य कागदावर तपासता येते तिथे पूर्वग्रहाला शिरायला फट कमी मिळते. उमेदवाराचे बोलणे, वागणे, ‘आपल्यात मिसळणे’ यावर निवड होते तिथे ती फट रुंदावते. सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्लीच्या आसपासच्या कंपन्यांतल्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून केलेल्या अभ्यासातही हेच पुढे आले. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो असे सांगणारे अधिकारीच पुढच्या वाक्यात उमेदवाराच्या ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ला महत्त्व देत होते.

आता हे सारे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जमिनीवर आणून पाहू. इथे जमात कळायला जातीचा दाखला लागत नाही. अर्जाच्या पहिल्या ओळीत मडावी, आत्राम, उसेंडी, पुंगाटी, कुळमेथे किंवा टेकाम असे आडनाव असते आणि दुसऱ्या ओळीत मु. पो. आणि तालुका. भामरागड किंवा एटापल्ली वाचले की वाचणाऱ्याच्या मनात चित्र तयार होते. त्या चित्रात दुर्गम गाव असते, तोडकी मराठी असते, हंगामात मोह वेचायला घरी जाईल ही अटकळ असते आणि ‘त्या भागातला’ म्हणजे जरा जपूनच, ही न उच्चारलेली शंकाही असते. समोरच्या मुलाने आयटीआयमधून फिटरचा किंवा वेल्डरचा ट्रेड पूर्ण केलेला असतो. त्याची घरची भाषा माडिया, शाळेची मराठी, आणि मुलाखत घेणारा बोलतो हिंदी. दहा मिनिटांत आटोपणाऱ्या त्या बोलण्यात त्याच्या हातातले कसब तपासले जातच नाही, तपासली जाते ती त्याची हिंदी. शेवटी ‘कळवतो’ एवढेच उत्तर मिळते आणि पुढे काहीच कळवले जात नाही. याचा अर्थ इथली प्रत्येक कंपनी आदिवासींना डावलते असा नाही. कोणा एका कंपनीवर आरोप करणे हा या लेखाचा हेतूही नाही. डावलले असेल तर ते उघड व्हावे आणि डावलले नसेल तर कंपनीची मान ताठ राहावी, अशी कोणतीच यंत्रणा नाही हे माझे दुखणे आहे. २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीच्या १० लाख ७२ हजार लोकसंख्येत आदिवासींचा वाटा ३८.७ टक्के होता आणि चंद्रपुरात १७.७ टक्के. इथल्या खाणी-कारखान्यांत फिटर, ऑपरेटर, सुपरवायझर या हुद्द्यांवर हा वाटा किती, आणि झाडू, हमाली, पहारा या कामांवर किती, हे प्रत्येक कंपनीने दरवर्षी जाहीर करावे असे बंधन घातले, तर निम्मा वाद आकड्यांनीच मिटेल.

डावलणे नेहमी जाणूनबुजूनच होते असेही नाही. वरून सर्वांना सारख्या दिसणाऱ्या अटी एका समाजाला नेमक्या बाहेर ठेवतात. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात, संपादित जमिनीच्या दर दोन एकरांमागे एक नोकरी असे सूत्र आहे. अट सर्वांना एकच. पण ती मोजायची ती सातबाऱ्यावर. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात जबरानजोत करणाऱ्या कुटुंबाचा वनहक्क पट्टा मंजूर झालेला नसेल, तर कसलेली जमीन जाते आणि नोकरीच्या यादीत नाव मात्र येत नाही. स्थानिकांना ८० टक्के रोजगार देण्याचे राज्याचे जुने धोरण आहे, त्यातही अशीच गोम आहे. त्या धोरणात स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात पंधरा वर्षे राहिलेला माणूस. एटापल्लीतल्या खाणीत पुण्याचा किंवा नागपूरचा उमेदवार घेतला तरी ‘स्थानिक’ भरला गेल्याची नोंद होते, आणि खाणीलगतच्या गावचा माडिया तरुण त्या हिशेबात दिसतही नाही. अमेरिकेत या प्रकारावर १९७१ साली निकाल आला. उत्तर कॅरोलिनातल्या ड्यूक पॉवर कंपनीच्या वीज केंद्रात चांगल्या पगाराच्या कामांसाठी शालान्त परीक्षेची आणि बुद्धिमापन चाचणीची अट होती. त्या अटीचा प्रत्यक्ष कामाशी संबंध कंपनीला दाखवता आला नाही आणि तिचा परिणाम मात्र कृष्णवर्णीय कामगारांना खालच्या कामांत अडकवून ठेवण्यात होत होता. हेतू कोणताही असो, कामाशी नाते नसलेली आणि एका समाजाला बाहेर ठेवणारी अट चालणार नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही मार्च २०२१ मध्ये, लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांच्या निकालात, अप्रत्यक्ष भेदभावाची ही कल्पना स्पष्टपणे स्वीकारली. तत्त्व आपल्याकडे आलेले आहे. ते खाणीच्या फाटकापर्यंत पोचलेले नाही, एवढेच.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो, तो सूडाचा. हक्क कायद्यात लिहिला तरी तो मागणाऱ्याला किंमत मोजावी लागणार असेल, तर तो कोणी मागत नाही. महाराष्ट्राने हे कामगारांच्या बाबतीत फार पूर्वी ओळखले. कामगार संघांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणाऱ्या १९७१ च्या राज्य कायद्यात, आकसापोटी कामगाराला काढून टाकणे ही अनुचित प्रथा ठरवली आहे. पण हे कवच कामावर असलेल्यासाठी आहे. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या अर्जदाराला ते लागू पडत नाही, आणि त्याचीच स्थिती सर्वांत नाजूक असते. जिल्ह्यात मोठे मालक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांना माणसे पुरवणारे ठेकेदार एकमेकांना ओळखणारे. आज एका ठेकेदाराविरुद्ध अर्ज दिला की उद्या दुसऱ्या ठेकेदाराकडेही ‘हा तक्रार करणारा’ अशी ओळख आधी पोचते. गेट पास मिळत नाही, हजेरीवर नाव येत नाही, आणि कोणी काही लेखी दिलेले नसल्याने हातात पुरावाही राहत नाही. त्यात गडचिरोलीत आणखी एक भीती मिसळते. चार दशके माओवादी आणि पोलीस यांच्या कात्रीत सापडलेल्या या भागात गाऱ्हाणे मांडणाऱ्याकडे संशयाने पाहण्याची सवय लागली आहे. एटापल्ली तालुक्यात तोडगट्टा येथे २०२३ मध्ये खाणींविरोधात अनेक महिने चाललेले ग्रामसभांचे आंदोलन त्या नोव्हेंबरात पोलिसांनी मोडून काढले. त्या आंदोलनाच्या मागण्यांबद्दल मतभेद असू शकतात. पण नोकरीच्या अर्जासोबत पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी जोडावी लागते, हे इथल्या प्रत्येक तरुणाला ठाऊक आहे. आवाज उठवला तर ती पडताळणी अडेल, एवढी भीती त्याला गप्प करायला पुरेशी होते. म्हणून ‘आमच्याकडे भेदभावाच्या तक्रारीच येत नाहीत’ हा युक्तिवाद मला मान्य नाही. तक्रार करणाऱ्याला संरक्षण नसते तिथे तक्रारींचा अभाव कशाचाच पुरावा ठरत नाही.

हे संरक्षण कसे असते ते पाहायला फार लांब जायला नको, कारण असंख्य मराठी कुटुंबांची मुले आज त्याच्या छायेत काम करतात. ब्रिटनने १९६८ साली वंशभेदविरोधी कायदा नोकऱ्यांना लागू केला, १९७६ साली त्यात अप्रत्यक्ष भेदभाव आणला, आणि हे सगळे २०१० च्या समानता कायद्यात एकत्र आले. पुण्या-मुंबईहून गेलेल्या एखाद्या मुलीला लंडनमधल्या कंपनीने तिच्या वंशामुळे नोकरी नाकारली असे वाटले, तर ती अर्जदार म्हणूनच रोजगार न्यायाधिकरणाकडे जाऊ शकते. भेदभावाचा निष्कर्ष काढता येईल एवढी वस्तुस्थिती तिने मांडली की कारण तसे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. आणि तिने तक्रार केली, किंवा दुसऱ्याच्या तक्रारीत साक्ष दिली, म्हणून तिला त्रास दिला गेला तर तो स्वतंत्र गुन्हा नसला तरी स्वतंत्र दाव्याचा विषय होतो. मूळ तक्रार सिद्ध झाली नाही तरी, ती प्रामाणिकपणे केलेली असेल तर, सूडाविरुद्धचा दावा टिकतो. आपली मुले परदेशात हा हक्क वापरतात याचा आपल्याला आनंद आहे. मग तोच हक्क चामोर्शी आणि राजुऱ्याच्या मुलांना त्यांच्याच जिल्ह्यात नसावा, हे आपण कसे समर्थनीय ठरवणार?

राज्याने करायच्या कायद्याचा सांगाडा मोठा गुंतागुंतीचा नाही. ठरावीक संख्येहून अधिक माणसे कामावर ठेवणाऱ्या प्रत्येक खासगी आस्थापनेने, आणि तिच्या ठेकेदारानेही, प्रत्येक पदाचे निकष भरतीआधी लेखी जाहीर करावेत. मुलाखत कोणत्या भाषेत होणार आणि ती भाषा त्या कामाला का लागते, हेही त्यात यावे. नाकारलेल्या उमेदवाराने मागणी केल्यास महिनाभरात लेखी कारण द्यावे आणि भरतीची कागदपत्रे किमान वर्षभर जपून ठेवावीत. संशयाला जागा आहे एवढे अर्जदाराने दाखवले की पुढचा खुलासा मालकाने करावा, कारण सगळी कागदपत्रे त्याच्याच कपाटात असतात. तक्रारदार आणि साक्षीदार यांच्याविरुद्ध सूडाची कारवाई झाल्यास, ती मूळ कंपनीने केलेली असो वा दुसऱ्या ठेकेदाराने, तिची भरपाई वेगळी मिळावी. आणि तक्रार नोंदवण्याची जागा माणसाच्या आवाक्यात हवी. भामरागडहून जिल्ह्याच्या गावी जायचे म्हणजे अख्खा दिवस मोडतो आणि पावसाळ्यात पर्लकोटा भरून वाहू लागली की तालुक्याचा संपर्कच तुटतो. अहेरी, भामरागड, गडचिरोली, चंद्रपूर आणि चिमूर इथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कार्यालये आहेत. तिथे तोंडी तक्रारही नोंदवून घेतली जावी, गोंडी किंवा माडियात सांगितली तरी.

‘आदिवासींना आरक्षण आहेच, आणखी कायदा कशाला?’ हा आक्षेप सर्वांत आधी येईल. आरक्षण सरकारी नोकरीत आहे, आणि तिथेही ते सुखासुखी हाती येत नाही. जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बनावट जमात दाखल्यांवर मिळवलेल्या नोकऱ्यांना संरक्षण नाकारले. तरी त्या जागा खऱ्या आदिवासींना देण्यासाठी पुन्हा न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, आणि २१ डिसेंबर २०१९ च्या निर्णयाने राज्य सरकारने त्या कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर सामावून घेतले. पेसा कायद्याखालच्या अनुसूचित क्षेत्रातल्या स्थानिक पदांची भरती न्यायालयीन वादात अडकली तेव्हा ४ ऑक्टोबर २०२४ रोजी विधानसभेच्या उपाध्यक्षांना, नरहरी झिरवाळ यांना, मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उडी घ्यावी लागली. हा लढा न्याय्य आहे आणि तो चालू राहिला पाहिजे. पण आरक्षण एवढेच ठरवते की किती जागा कोणासाठी. तुझा अर्ज कोणत्या कारणाने बाजूला ठेवला, हा प्रश्न त्यात येत नाही, आणि खासगी नोकरीत तर आरक्षणच नाही. खासगी क्षेत्रात निवासावर आधारित कोटा आणायचा हरयाणाचा प्रयत्न नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाब-हरयाणा उच्च न्यायालयाने रद्द केला. भेदभावविरोधी कायदा एकही जागा राखून ठेवत नाही, म्हणून तो त्या अडचणीत सापडत नाही. तो फक्त म्हणतो की ज्याला नाकारता त्याला त्याच्या जमातीमुळे नाकारू नका. गुणवत्तेचा आग्रह धरणाऱ्याला यात हरकत घेण्यासारखे काही नाही. उलट लेखी निकष आणि कामाशी जोडलेली चाचणी हीच गुणवत्तेची खरी राखण आहे.

दुसरा आक्षेप अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचा. २०१५ च्या दुरुस्तीने त्या कायद्यात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला नोकरी-व्यवसाय करण्यापासून रोखणे हाही गुन्हा ठरला आहे, हे खरे. पण तो फौजदारी कायदा आहे. त्यात पोलीस ठाण्यात जाऊन गुन्हा नोंदवायचा, संशयाला जागा उरणार नाही असा पुरावा उभा करायचा आणि समोरच्याला तुरुंगात पाठवायचे, एवढा एकच मार्ग आहे. मुलाखतीनंतर आलेल्या मौनाविरुद्ध तो चालवणे जवळपास अशक्य. फिटरच्या जागेसाठी डावललेल्या मुलाला कोणाला तुरुंगात धाडायचे नसते. त्याला फेरमुलाखत हवी असते, किंवा नुकसानीची भरपाई, किंवा निदान कारण. खोट्या तक्रारींची भीती दाखवणाऱ्यांनाही याच दिवाणी स्वरूपात उत्तर आहे. इथे कोणाला अटक होत नाही, बदनामीचे हत्यार बोथट राहते, आणि ज्या कंपनीने निकष आणि गुण लिहून ठेवले आहेत तिला एका सुनावणीत मोकळे होता येते. उद्योग पळून जातील म्हणणाऱ्यांना विचारावेसे वाटते की जाणार कुठे? लोहखनिज सुरजागडात आहे आणि कोळसा वर्धा नदीच्या खोऱ्यात. शिवाय ज्या जिल्ह्यात उद्योगांवरचा अविश्वास हा सर्वांत मोठा अडसर राहिला, तिथे गावातल्या मुलाला निकष वाचून दाखवता येणे कंपनीच्याच फायद्याचे आहे. उरतो तो कौशल्याच्या कमतरतेचा मुद्दा. ती आहे, आणि ती भरून काढायला आश्रमशाळा, आयटीआय आणि गोंडवाना विद्यापीठ यांनी बरेच करायचे आहे. पण कौशल्य नसलेल्याला नाकारणे आणि कौशल्य असलेल्याला आडनावामुळे नाकारणे या दोन गोष्टी एकत्र करून दुसरीवर पांघरूण घालता येणार नाही.

कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्राची वाट न पाहता राज्याला कायदा करता येतो. महाराष्ट्राने हे वेळोवेळी केले आहे. आकसाच्या कारवाईविरुद्धचा १९७१ चा कायदा, रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा ही तिन्ही पावले इतरांच्या आधी टाकलेली होती. केंद्राच्या पातळीवर मात्र चर्चा कागदावरच थांबली. सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोग सुचवला, माधव मेनन यांच्या गटाने २००८ मध्ये त्याची रूपरेषाही दिली, आणि २०१७ मध्ये शशी थरूर यांनी लोकसभेत भेदभावविरोधी खासगी विधेयक मांडले. यातले काहीच कायदा होऊ शकले नाही. आंतरराष्ट्रीय वचने तर त्याहून जुनी आहेत. आदिवासींना कामावर घेताना भेदभाव रोखू असे म्हणणारा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १०७ क्रमांकाचा करार भारताने १९५८ मध्ये स्वीकारला, नोकरीत प्रवेश मिळण्यातला भेदभाव दूर करण्याचा १११ क्रमांकाचा करार १९६० मध्ये, आणि सर्व प्रकारचा वंशभेद संपवण्याचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९६८ मध्ये. यातल्या शेवटच्या करारालाही सहा दशके उलटत आली आहेत. दरम्यान आदिवासींच्या जमिनीखालचे खनिज काढण्याचे परवाने, मंजुऱ्या आणि सवलती एकामागून एक निघाल्या. त्या सवलतींच्या अटींत, आणि लवकरात लवकर विधिमंडळाच्या कायद्यात, नाकारलेल्या उमेदवाराला कारण विचारण्याचा आणि विचारल्याबद्दल शिक्षा न भोगण्याचा हक्क आला पाहिजे. डोंगर ज्यांचा आहे त्यांनी कारखान्यातली नोकरी उपकार म्हणून मागायची नाही, बरोबरीच्या नागरिकाने मागावी तशी मागायची आहे. ही बरोबरी कायद्यात लिहून देणे ही आता गडचिरोली आणि चंद्रपूरच्या आमदारांची पहिली जबाबदारी आहे, आणि येत्या अधिवेशनात ते विधेयक कोण मांडतो हे इथल्या मतदारांनी लक्ष ठेवून पाहावे.